सूर निवडणे: एका ट्रॅकमधले ठरावीक सूर वेगळे काढताना

मागच्या व्याख्यानानंतर दोघातिघांचे निरोप आले की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुम्ही या रेकॉर्डिंगच्या भानगडीत कसे पडलात? प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. संगणकाशी माझा संबंध पेपर टाइप करण्यापुरता. म्हणून आधी ती भानगड काय ते सांगतो.

माझी थोरली बहीण, आमची ताई, घरी पेटी शिकवायची. पेटीचं तुम्हाला माहीत आहे, उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. साठी उलटल्यावर ताईचा डावा खांदा आखडला आणि भाता ओढवेना. भाच्यानं तिला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणून दिला. महिनाभर तिनं त्याला नावं ठेवली. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की भाता नाही म्हणजे डावा हात रिकामा आहे. त्या हातानं ती खालचा षड्ज-पंचम धरायला लागली, तंबोऱ्यासारखा. पासष्टीत शिकलेली गोष्ट ती. भाच्यानं कीबोर्ड वायरनं लॅपटॉपला जोडून तिच्या नऊ गती नोंदवून ठेवल्या.

ताईला जाऊन आता चार वर्षं झाली. तिची नात गाणं शिकते. मागच्या दिवाळीत ती मला म्हणाली, "मामाआजोबा, मला आजीचा फक्त डावा हात काढून द्या. उजव्या हाताच्या जागी मी गाणार."

मी हो म्हणून बसलो. लहान मुलांना हो म्हणण्याआधी विचार करावा, हे काही मला या वयातही जमलेलं नाही.

आता विषय. पहिल्यांदा हे समजून घेऊ की त्या फाइलमध्ये आहे काय. पुष्कळांना वाटतं आवाज आहे. आवाज नाही. मिडी नावाची जी पद्धत आहे, तिच्यात आवाज साठवलेलाच नसतो, सूचना साठवलेल्या असतात. अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरानं दाबली, आणि मग, ती सोडली. बस. ही पद्धत १९८३ साली आली. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी ही त्यातली मुख्य माणसं. एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलत नव्हतं, ते बोलावं एवढाच हेतू होता. त्या जानेवारीत दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर वायरनं जोडून दाखवले, एकाची पट्टी दाबली की दुसरा वाजायचा. पुढे २०१३ साली या दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

तर मिडी हे आपल्या स्वरलिपीच्या जवळचं आहे. भातखंड्यांनी कागदावर लिहिलं, इथे यंत्र लिहितं, आणि फार बारकाईनं लिहितं. प्रत्येक पट्टीला एक आकडा, ० ते १२७. पियानोचा मधला सी म्हणजे ६०, पुढे प्रत्येक अर्ध्या सुराला एक वाढवायचा. जोरालाही आकडा, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात, तोही १२७ पर्यंत. आणि हे सगळं सोळा चॅनेलांपैकी कुठल्या तरी एकावरून जातं.

यामुळे एक मोठी सोय होते. कॅसेटवर दोन हात एकत्र वाजले की ते दुधात पाणी मिसळावं तसे मिसळतात. वेगळे करायला राजहंस लागतो. मिडीत ते ताटातल्या तांदळासारखे असतात. दाणा दाण्याला चिकटत नाही. निवडता येतात. आपल्या भाषेत 'निवडणं' हा शब्द फार चांगला आहे. उमेदवार निवडतो तेव्हा हवं ते उचलतो, आणि तांदूळ निवडतो तेव्हा नको ते बाजूला करतो. पडद्यावर आपण दोन्ही करणार आहोत. पण तांदूळ निवडायला बसलेल्या बाईला खडा कसा दिसतो हे आधी माहीत असावं लागतं. माझी सगळी अडचण तिथेच होती.

सोपं उदाहरण आधी घेऊ. ड्रमची फाइल. तिथे आकडा म्हणजे वाद्य. १९९१ साली जनरल मिडी म्हणून एक सर्वमान्य यादी ठरली. तिच्यात तालवाद्यं दहाव्या चॅनेलवर, आणि ३६ म्हणजे मोठा बेस ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे मिटलेली हायहॅट झांज. एका ट्रॅकमध्ये हे सगळं आलं असेल आणि स्नेअरला वेगळा घुमारा द्यायचा असेल, तर ३८ आकड्याचे सगळे सूर उचलायचे आणि नव्या ट्रॅकवर ठेवायचे. प्रश्न मिटला. यासाठी तयार आज्ञाही आहेत. लॉजिक प्रोमध्ये 'सेपरेट मिडी इव्हेंट्स'खाली 'बाय नोट पिच' आहे. क्युबेसमध्ये 'डिझॉल्व्ह पार्ट' आहे, त्यात 'सेपरेट पिचेस' निवडायचं. रीपरमध्ये याच कामाला एक्स्प्लोड म्हणतात. स्फोट! शब्द भयंकर आहे, काम साधं आहे: प्रत्येक आकड्याची रांग आपापल्या जागी जाते. अशी आज्ञा नसेल तर पियानो रोल उघडायचा, म्हणजे डावीकडे उभी पेटी आणि समोर सुरांच्या आडव्या पट्ट्या दिसतात ती खिडकी. त्यात हव्या त्या ओळीभोवती चौकट ओढायची, कट करायचं, नवा ट्रॅक, पेस्ट. पेस्ट करताना तो काळाचा काटा कुठे उभा आहे तेवढं बघा, नाहीतर सगळा स्नेअर चार मात्रा पुढे जाऊन बसतो.

तबल्याचं मात्र जपून. समजा तुमच्याकडच्या तबल्याच्या ध्वनिसंचात 'धा' ही एकच पट्टी आहे. तर त्या आकड्यात दायाँ आणि बायाँ दोन्ही आधीच एकत्र आहेत. तिथे कितीही आज्ञा द्या, डग्गा वेगळा निघणार नाही. वाजवणाऱ्यानं 'ना' आणि 'गे' अशा दोन पट्ट्या मिळून 'धा' केला असेल तर निघेल. जे वेगळं नोंदलं गेलं तेच वेगळं काढता येतं.

आता ताईकडे येऊ. ड्रममध्ये आकडा हीच ओळख होती. पेटीवादनात, पियानोत, आकड्याला हात नसतो. 'हा सूर डाव्या हाताचा' असं फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. मग डाव्या हाताचं लक्षण काय?

इथे माझं जुनं दुकान उघडतो, दोन मिनिटं सहन करा. न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. तर्कसंग्रह ज्यांनी पाहिला असेल त्यांना गाईचं उदाहरण आठवेल. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असं म्हटलं तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेली, तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे अखंड खुराची, तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. नेमकं लक्षण कोणतं? गळ्याखाली लोंबणारी पोळी. पदवीच्या वर्गाला हे मी दरवर्षी शिकवलं आणि दरवर्षी मागच्या बाकावरचं कुणीतरी विचारायचं, सर, याचा उपयोग काय? त्याला उत्तर द्यायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

पहिला प्रयत्न भाच्यानं सुचवला. काही कीबोर्डांत दोन हातांना दोन चॅनेल देता येतात, म्हणून तो म्हणाला, चॅनेल दोनवरचे सूर उचला. उचलायला गेलो, एकही नव्हता. ताईनं ती सोय कधी लावलीच नव्हती, सगळं चॅनेल एकवर. हा असंभव.

दुसरा प्रयत्न आकड्याचा. भूपाची गत घेतली. ताईचा षड्ज काळी चारचा, मिडीच्या हिशेबात ५६. डावा हात ४४ चा खर्जातला षड्ज आणि ५१ चा मंद्र पंचम धरतो. मी ठरवलं, ५६ च्या खाली ते सगळं डावं. संगणकानं निमूटपणे काढून दिलं. वाजवून पाहिलं तर डाव्या हाताच्या ट्रॅकवर मधूनच अर्धी अर्धी गत ऐकू येते! अहो, भूप आहे. उजवा हात मंद्र धैवतापर्यंत उतरणार, पंचमालाही टेकून येणार. ते ५३ आणि ५१ आकडे उजव्या हाताचे, पण माझ्या रेघेच्या खाली पडले. अतिव्याप्ती. आणि कधी कधी ताई डाव्या अंगठ्यानं मधला षड्जही धरायची, तो ५६, तो माझ्या रेघेवरून सुटला. अव्याप्ती. एकाच लक्षणात दोन दोष, आणि ५१ या आकड्यावर तर दोन्ही हातांचा हक्क.

तिसरा प्रयत्न लांबीचा. डावा हात धरून ठेवतो, उजवा चालतो. तेव्हा लांब ते डावं. मिडीत प्रत्येक सुराची लांबी नोंदलेली असते, त्यामुळे हे तपासता येतं. क्युबेसच्या लॉजिकल एडिटरमध्ये तर दोन अटी एकत्र घालता येतात: आकडा इतक्यापर्यंत आणि लांबी इतक्याहून जास्त. हे लक्षण बरंच चाललं. एक लक्षात ठेवा, इथली मात्रा संगणकाची असते. ताई काही त्या टिकटिकीबरोबर वाजवत नव्हती. फाइलमध्ये वेग १२० धरलेला होता, म्हणजे अर्ध्या सेकंदाची एक मात्रा, आणि ताईच्या लयीचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणून लांबी सेकंदांत मोजा. आणि तो क्वांटाइझचा पर्याय शेजारीच असतो, जो सगळे सूर मात्रेवर नेऊन बसवतो, त्याला हात लावू नका. ताई समेवर केसभर उशिरा यायची. सगळ्यांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ती फाइल ठेवण्याचं निम्मं कारण तो उशीर आहे.

तर लांबीनं बरंच जमलं, आणि जिथे जमलं नाही तिथे मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. निवडलेले सूर कट करून नव्या ट्रॅकवर टाकले आणि वाजवले. तंबोऱ्यासारखा वाहता षड्ज-पंचम अपेक्षित होता. ऐकू काय आलं? टुक. टुक. टुक. दारावर कुणी टकटक करावं तसं. मला वाटलं मी फाइल बिघडवली. खरं सांगतो, त्या रात्री नीट झोप लागली नाही. मी मूळ फाइलवरच काम करत होतो, प्रत ठेवली नव्हती, आणि सेव्हही केलं होतं.

सकाळी भाच्याला फोन केला. त्याच्याकडे दुसरी प्रत होती, देवाची कृपा. आणि त्यानं विचारलं, "मामा, पेडल कुठे गेलं?"

पियानोला पायाशी सस्टेन पेडल असतं. ते दाबलं की पट्टी सोडली तरी सूर वाहत राहतो. ताई आवर्तनाच्या तोंडाशी षड्ज-पंचम वाजवायची, पेडल दाबायची आणि हात उचलायची, त्या खांद्यासाठी. म्हणजे कानाला सूर लांब, आणि फाइलमध्ये सुराची पट्टी आखूड. लांबी सुरात नव्हती, पेडलमध्ये होती. माझं लांबीचं लक्षण तिथे फसलं ते यामुळे. आणि कट केल्यावर टुक टुक झालं तेही यामुळेच, कारण पेडल मागे राहिलं.

हे नीट समजून घ्या. जोर, म्हणजे व्हेलॉसिटी, सुराच्या अंगालाच चिकटलेली असते. सूर उचललात की ती बरोबर येते. पेडल सुराचं नसतं, चॅनेलचं असतं. मिडीत त्याला ६४ नंबरचा कंट्रोलर म्हणतात आणि तो वेगळ्या ओळीत नोंदलेला असतो. पियानो रोलमध्ये खालची पट्टी उघडल्याशिवाय दिसतही नाही. सूर वाकवण्याचं ते चाक, पिच बेंड, तेही चॅनेलचंच. एक सूर वाकवायला जावं तर त्या चॅनेलवरचे सगळे वाजते सूर वाकतात. ताईनं एकदा मींड घ्यायला ते चाक फिरवलं आणि पेडलवर धरलेला षड्जही वाकला. "हा तंबोरा दारू प्यायलाय," म्हणाली, आणि पुन्हा चाकाला हात लावला नाही. यावर उपाय पुढे आले. २०१८ साली एमपीई म्हणून पद्धत मान्य झाली, तिच्यात वाजणाऱ्या प्रत्येक सुराला स्वतःचं चॅनेल देतात. २०२० च्या मिडी २.० मध्ये एकेका सुरासाठी वेगळ्या सूचनांची सोय आहे. पण आपल्या जुन्या फायली जुन्याच नियमानं लिहिलेल्या आहेत.

माझ्या वैशेषिकवाल्या मित्रांना मी हे सांगितलं तर ते खूश झाले. गुण कुणाच्या आश्रयानं राहतो, हा त्यांचा आवडता प्रश्न. तो विषय लांबवत नाही.

तेव्हा आता मी काम कसं करतो ते सांगतो. तुमच्याही उपयोगाचं आहे. मी कट-पेस्ट सोडून दिलं. आधी मूळ फाइलची प्रत, दुसऱ्या ठिकाणी. मग प्रणालीत मूळ ट्रॅकच्या आणखी दोन संपूर्ण प्रती करायच्या, डुप्लिकेट, आणि मूळ ट्रॅक गप्प करून ठेवायचा. एका प्रतीचं नाव 'डावा', एकीचं 'उजवा'. 'डावा'मधून उजवे सूर पुसायचे, 'उजवा'मधून डावे. असं केलं की पेडल, वेग, सुरुवातीची जागा, सगळं दोन्हीकडे आपोआप राहतं. उचलण्याऐवजी खडे काढायचे. 'उजवा'तलं पेडल नको असेल तर नंतर सावकाश काढा, पण आधी ऐका. आपण काढलेलं काय होतं ते ऐकल्याशिवाय काढू नये.

मग मोजणी. बहुतेक प्रणालींत सुरांची यादी दाखवणारी खिडकी असते. भूपाच्या गतीत एकूण ४१२ सूर. दोन ट्रॅकांची बेरीज ४१२ व्हायला हवी. ४१० आली तर दोन सूर दोन्हीकडून पुसले गेले, ४१३ आली तर एक दोन्हीकडे राहिला. आणि एक कमी, एक जास्त असं झालं तर बेरीज बरोबरच दिसेल, म्हणून शेवटी दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवून मूळ ट्रॅकशी ताडून पाहायचं. माझी बेरीज पहिल्यांदा ३९८ आली. १४ सूर मी दोन्हीकडून पुसले होते, कारण ते कुणाचे हे मला ठरवताच येत नव्हतं. बहुतेक ५१ चे, थोडे ५६ चे. मंद्र पंचम उजव्यानं येता येता टेकवला की डाव्यानं नव्यानं धरला? पट्टी एकच. बोट कुठल्या हाताचं हे यंत्रानं पाहिलं नाही, आणि मी समोर बसून चहा पीत होतो तेव्हा पाहिलं नाही.

न्यायसूत्रांत सोळा पदार्थांच्या यादीत संशयालाही जागा दिली आहे. मी तिसरी प्रत केली. तिच्यात ते १४ सूर आणि पेडल. नाव दिलं 'संशय'.

आता एकदोन प्रश्न घेऊ.

*(श्रोत्यांमधून प्रश्न: ते चौदा सूर शेवटी कुठे गेले?)*

कुठेच नाही. तिसरा ट्रॅक तसाच आहे. नात गाताना कधी तो चालू ठेवते, कधी बंद. एक जागा तिनं स्वतःच सोडवली. गाता गाता म्हणाली, मामाआजोबा, इथे मला श्वास घ्यावा लागतो, म्हणजे इथे आजीचा उजवा हात थांबला असणार, हा पंचम डाव्याचा. ऐकून पाहिलं, पटलं. तो एक हलवला. आता १३ आहेत. बाकीच्या आठ गती अजून करायच्या आहेत. एक मारव्याची आहे, त्यात तिनं पंचम धरलेलाच नाही, तेव्हा ती सोपी जावी.

*(प्रश्न: आमच्याकडे वडिलांच्या पेटीच्या कॅसेट आहेत. त्यांच्यातून असं काढता येईल का?)*

असं नाही. तो आवाज आहे, ते दूध-पाणी. आवाजातून सूर ओळखून मिडी लिहिणारी साधनं आहेत, पण पेटीचे सूर एकावर एक आले की ती चुकतात आणि चुकलेलं कळत नाही. तुम्ही आधी एवढंच करा, त्या कॅसेट चांगल्या डेकवर वाजवून संगणकात उतरवून घ्या, काहीही साफसूफ न करता, आणि दोन ठिकाणी ठेवा. फीत वर्षं मोजत नाही, पण झिजते. निवडायचं काय ते नंतर बघू.